पट्ट्याला घासलेला साबण

माझ्या मोठ्या बहिणीचा डावा पाय माझ्यामुळे अधू झाला, हे आमच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना ठाऊक आहे. भद्रावतीपासून पोंभुर्ण्यापर्यंत आमच्यातल्या कोणत्याही लग्नात विचारा. मलाही ते ठाऊक होतं. ते उराशी धरूनच मी म्हातारा झालो. आता हे लिहितो आहे ते मन हलकं करण्यासाठी नाही. ज्यांनी ते जड केलं ते माझे भाऊजी अजून जिवंत आहेत, चष्मा लावून त्यांना चांगलं वाचता येतं, आणि त्यांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

भाऊजी म्हणजे याच बहिणीचे नवरे. पोंभुर्ण्याजवळच्या गावात त्यांची धानाची शेती, आणि उन्हाळ्यात गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याचा ठेका. त्यासाठी त्यांनी लिलावातून एक जुनी जीप घेतली होती, चारही चाकं ओढणारी. ती मी चालवायचो. नोकर म्हणून नाही, साळा म्हणून, म्हणजे नोकराहून थोडा जास्त राबायचो.

त्या गाडीचा एक रिवाज होता. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीसारखा हब, आणि त्यावर हाताने फिरवायची चकती. नाला आला की ड्रायव्हरने खाली उतरायचं, दोन्ही बाजूंच्या चकत्या फिरवून पुढची चाकं जोडायची, मग आत बसून दांडा ओढायचा. नाला ओलांडला की पुन्हा उतरायचं आणि चकत्या मोकळ्या करायच्या. मोकळ्या केल्या की पुढचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे नेणारा लोखंडी दंड, गप्प पडून राहतो. नाही केल्या तर तो डांबरी रस्त्यावरही गरागरा फिरत राहतो, उगाच झिजतो. त्या भागात ड्रायव्हरचे गुडघे बघून लोक ओळखायचे, हा आत जाणारा आहे की सडकेवरचा. माझे गुडघे कायम चिखलाने माखलेले असत. भाऊजींचा पायजमा पांढरा होता. ते चालवत तेव्हाही तो पांढराच राहायचा.

"भाऊजी, नाल्यातून निघाल्यावर हब मोकळे करत जा जी," मी सांगायचो.

"अरे, माह्या गाडीचे हब माह्या पायापाशी येत असन तर करतो मोकळे," ते म्हणायचे, आणि बसलेले मुन्शी, मजूर सगळे हसायचे. ठेकेदाराच्या विनोदाला हसावंच लागतं.

त्या उन्हाळ्यात पत्त्याचा सगळा हंगाम मी एटापल्लीच्या आतल्या बाजूला काढला. पत्ते गोळा होतात त्या जागेला आमच्याकडे फळी म्हणतात. तिथला मुन्शी तापाने पडला म्हणून भाऊजींनी मला बसवलं, आणि गाडी स्वतः चालवली. हंगाम संपून मी परत आलो तर अंगणातच ते म्हणाले, "साळेबुवा, गाडी चिल्लावून राह्यली. पाह्य जरा."

मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं. फॅनचा पट्टा थोडा कुईकुई करत होता. मी बाईला, म्हणजे बहिणीला, म्हटलं, "बाई, कपड्याचा साबण दे." आमच्या भागातले जुने ड्रायव्हर पट्टा वाजला की फिरत्या पट्ट्याला साबणाची वडी लावतात. मीही लावली. कुईकुई थांबली. "पट्टा होता," मी सांगितलं. गाडी अंगणाबाहेर काढून एक चक्कर मारली नाही. का मारली नाही? भूक लागली होती, आणि बाईने झुणका केला होता. एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी बाईला भामरागडला नद्यांचा संगम बघायचा होता. लग्न झाल्यापासून ती म्हणत होती, आणि हंगाम चांगला गेला म्हणून भाऊजी खुशीत होते. बाई शेजारी बसणार म्हणून चालवायला ते स्वतः बसले. मी मागे. आलापल्लीच्या पुढे पहिला नाला आला तसा मी सवयीने उतरायला उठलो.

"बस, बस," भाऊजी म्हणाले. "मी घरूनच लावून आनले."

नाला ओलांडल्यावर मी पुन्हा उठलो. "आता बस न बाबा निवांत. ड्रायव्हर मी हाये आज." बाई हसली. मी बसलो.

पुढे गाडी पुन्हा चिरकू लागली. भाऊजींनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "पट्टा ओला झाला असन." तेही मीच म्हणालो. हेमलकशाच्या अलीकडे उतारावर पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला. क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा. शाफ्टचं तुटलेलं टोक खाली पडून रस्त्यात रुतलं, गाडी त्यावर उचलली गेली आणि बाईच्या बाजूने आडवी झाली. तिचा पाय दरवाज्याखाली होता. गोंड माणसं धावत आली, त्यांनी आणि आम्ही मिळून गाडी उचलली. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय वाचवला. पण गुडघा पुन्हा वाकला नाही.

बाईला खाटेवर ठेवलं होतं तेव्हाच, अजून तिच्या साडीवरचं रक्त वाळलं नव्हतं, भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याले सांगतलं होतं गाडी पाह्य म्हनून. ह्यानं साबन घासला. क्रॉस कोरडा पडला होता अन् हा पट्ट्याले साबन घासून राह्यला होता!"

खरंच होतं. पुढच्या शाफ्टला मी हंगामाच्या सुरुवातीला ग्रीस दिलं होतं, दरवर्षीसारखं. तो फक्त नाल्यात फिरतो, त्याला तेवढं पुरायचं. यंदा पुरलं नाही, याचा अर्थ मी नीट भरलं नव्हतं. असंच मी समजलो. भाऊजींनी बजावलं, "यापुढं माह्या गाडीले हात लावाचा नाई." ती शिक्षा मला योग्य वाटली. मी भद्रावतीला निघून गेलो, खाणीच्या बाजूला एका ट्रकमालकाकडे लागलो, तिथेच संसार केला.

पण साबण काही सुटला नाही. पहिल्याच दिवाळीत, भाऊबीजेला, भाऊजींनी माझ्यापुढे कपड्याच्या साबणाची हिरवी वडी ठेवली. "घ्या साळेबुवा. ठेवा जवळ. कोनाची गाडी वाजली तं कामी येईन." सगळे हसले. बाई पाटावरून उठू शकत नव्हती, तिने बसूनच मला ओवाळलं आणि नवऱ्याला म्हणाली, "पुरे न आता." पुरलं नाही. पुढे कुठल्याही लग्नात, बारशात, तेरवीतसुद्धा कोणीतरी विचारायचंच, "मामाजी, साबन आनला का?" ज्यांना जीप आठवत नव्हती, जे तेव्हा जन्मलेही नव्हते, तेही विचारायचे. मी हसायचो. त्या हसण्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण ते मनापासून होतं. मला वाटायचं, एवढं तर सोसायलाच हवं. समोर बाई काठी टेकत वाढायला यायची, आणि मी मान खाली घालून भात कालवायचो.

मागच्या दिवाळीच्या आधी भाच्याचा फोन आला. जीप अपघातानंतर नवा क्रॉस टाकून थोडी फिरली, मग गोठ्यामागच्या टपरीत किती तरी वर्षं झाकून पडली होती. त्याने ती बाहेर काढली, चंद्रपूरहून टायर आणले, सुरू केली. त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता आणि पाहुण्यांना बसस्टँडवरून त्या जीपमधून आणायची त्याला हौस होती.

"पन मामाजी, लय चिल्लावते. मिस्त्रीनं पट्टा बदलला, ब्रेक खोलून पाह्यले. तरी तसंच."

"मले नको सांगू बाबा," मी म्हटलं. "तुह्या बापानं हात लावाले मनाई केली हाये."

"आई म्हनते, मामाले बोलाव."

बाई म्हणते म्हणून मी गेलो. चंद्रपूरहून एसटी धरली. भाऊजी सपरीत, म्हणजे पडवीत, खुर्ची टाकून बसले होते. आता त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, कानात यंत्र आहे, पण पायजमा अजून पांढरा. मला बघून त्यांनी आतल्या बाजूला हाक दिली, "अजी, मेकॅनिक आले बरं का! साबन काढा!"

या वेळी मात्र मी पहिल्यांदा इंजिन ऐकलं, गाडी उभी ठेवून. गप्प. क्लच दाबून बघितला. गप्प. "चालव हळू," भाच्याला म्हटलं, आणि गाडीच्या बाजूबाजूने वाकून चालत राहिलो. चीं... चीं... चीं... चाकासोबत. चाक जोरात तर आवाज जोरात. "आता गिअर काढ, तशीच घरंगळू दे." गिअर काढला, इंजिन मंद झालं, आवाज तोच, चाकाच्या मापाने. म्हणजे इंजिनाचा संबंध नाही, पट्ट्याचा नाही, क्लचचा नाही. जे चाकासोबत फिरतं त्यातलंच काहीतरी. या वयात मी पोतं टाकून गाडीखाली शिरलो आणि भाच्याला म्हटलं, हातभर पुढे ढकल.

मागचा शाफ्ट फिरला. ठीक. पुढचाही फिरला, आणि तोच चिरकला.

मी तसाच पडून राहिलो. पुढचा का फिरतो? "फोर व्हील लावलं का रे?"

"नाई मामाजी. दांडा मोकळाच हाये."

"मंग हब लागून असन. चकत्या मोकळ्या कर."

"त्या फिरतच नाई. जॅम हायेत, पयलेपासून."

गंजल्या असतील, मला वाटलं. मी बाहेर आलो, चाकाजवळ बसलो. हबवर काळं ग्रीस, वाळलेला चिखल आणि त्याखाली कधीतरी मारलेला निळा रंग, असे थरच्या थर होते. रॉकेल आणि तारेचा ब्रश मागितला. रॉकेल आता कोणाच्या घरात असतं! तेवढ्यात सपरीतून एक हिरवी वडी उडत आली आणि माझ्या पायाशी पडली.

"घ्या न!" भाऊजी खुशीत होते. "तुमचं हत्यार!"

भाचा ओशाळला. मी वडी उचलली. एक बादली पाणी घेतलं, तारेचा ब्रश साबणावर घासला, आणि हब धुवायला लागलो. आधी ग्रीस गेलं, मग चिखल, मग निळा रंग सोलून निघाला. चकतीच्या कडेला, जिथे ती हबच्या वाटीला टेकते, तिथे बोटाएवढा गाठाळ धातू होता. मी नख लावलं. वेल्डिंगचा टाका. चकती वाटीला कायमची चिकटवलेली. मी उठून दुसऱ्या बाजूला गेलो आणि तेही चाक धुतलं. तिथेही टाका.

बरीच वर्षं मी ड्रायव्हरकी केली. टाका का मारतात हे मला कळतं. ज्याला चिखलात उतरायचं नसतं तो मारतो. एकदा मारला की नाल्यापाशी उतरायला नको, चाकं कायमची लागलेली. पण मग पुढचा शाफ्ट घरापासून जंगलापर्यंत, डांबरावर, पूर्ण हंगामभर फिरणार, प्रत्येक नाल्यात धुतला जाणार, आणि त्याला रोज ग्रीस हवं. ते कोणी देणार नाही, कारण ज्याच्यावर ग्रीसची जबाबदारी तो एटापल्लीच्या फळीवर बसलेला आहे आणि त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

*मी घरूनच लावून आनले.*

मला ते वाक्य त्या आवाजात, त्या नाल्यावरच्या उन्हासकट ऐकू आलं. हात लावायची मनाई कशासाठी होती, तेही ऐकू आलं.

"भाऊजी," मी म्हणालो, "इकडं या जी जरा."

"काऊन? सापडला का पट्टा?"

"या तं खरं."

ते भाच्याच्या आधाराने आले. मी साबणाचं पाणी हबवर ओतलं. टाका चांगला चमकला. "ही चकती फिरवा."

त्यांनी बघितलं. एखादा माणूस नवीन गोष्ट बघतो तसं बघितलं नाही, ओळखीच्याला बाजारात टाळतात तसं बघितलं. "जुनी गाडी हाये. कोनी मारला असन. लिलावातच असन."

"लिलावातून आनल्यावर मी ह्या चकत्या किती खेपा फिरवल्या, तुम्हीच मोजत होते. माह्या गुडघ्याले चिखल लागला की हसत होते."

बाई काठी टेकत सपरीतून उतरली. सरळ पाय आधी, मग दुसरा, तसं तिचं उतरणं. ती गाडीजवळ आली, वाकता येत नाही म्हणून काठीचं टोक हबवर टेकवलं. "हे काय होय भाऊ?"

मी सांगितलं. साध्या शब्दांत, शाफ्ट कुठला, फिरतो केव्हा, टाक्याने काय होतं. बाईने सगळं ऐकलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ फळीवर होता तवा गोठ्याचं फाटक लावलं, त्या दिवशी तो वेल्डिंगवाला आला होता. फाटक झालं तरी जाये ना. मी दुसऱ्यांदा चहा देल्ला. तुम्ही म्हणले, अजून थोडं काम हाये त्याचं."

"मंग?" भाऊजी चिडले. "गाडी माही होती. टाका मारीन का काय करीन!"

"गाडी तुमची," बाई म्हणाली. "अन् पाय?"

"तुलेच तं संगम पाहाचा होता."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बाई आत गेली. तिचं वर चढणं उतरण्यापेक्षा कठीण असतं, कोणीतरी हात द्यावा लागतो. त्या दिवशी तिने कोणाचा हात घेतला नाही.

भाच्याने हळूच विचारलं, "मामाजी, आवाजाचं?" मी क्रॉसमध्ये ग्रीस भरायच्या निप्पलमधली माती काढली, ग्रीसगनने ताजं ग्रीस भरलं, चारही तोंडांतून ते बाहेर येईपर्यंत. जीप अंगणात फिरवून बघितली. आवाज गेला. त्याने विचारलं, ग्राइंडर आणून टाके कापू का? मी म्हटलं, कापायचे तर आहेतच, पण साखरपुडा होऊ दे. तोपर्यंत गावाबाहेर नेऊ नको, आणि रोज ग्रीस दे. मग मी कानस मागून घेतली आणि दोन्ही टाके घासून घासून चकाकवले. अंगणात येणाऱ्या कोणाचीही नजर आधी तिथेच जावी इतके. भाऊजी खुर्चीवरून बघत होते. मी सावकाश घासले. म्हातारपणी एवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

परतीच्या एसटीत मात्र ते पुरलं नाही. टाका त्यांचा, पण अंगणाबाहेर एक चक्कर मी मारली नव्हती हे कोणत्याही कानशीने घासून निघत नाही. झुणका गरम होता म्हणून. त्या चकरेत आवाज चाकाचा आहे हे मला कळलं असतं, मी खाली वाकलो असतो, टाका दिसला असता. तेवढा वाटा माझा आहे आणि तो मी ठेवतो. पण त्यांचा वाटाही मी वर्षानुवर्षं उचलला, वर हसलोही, आणि तो मात्र मला परत द्यायचा होता.

साखरपुड्याला अंगण भरलं होतं. जीप फुलं लावून मधोमध उभी, पुरुष मंडळी तिच्याभोवती. मुलाकडचे पाहुणे पहिल्या पंगतीला बसले. भाऊजी मानाच्या जागेवर, मी त्यांच्यासमोरच्या ओळीत. वाढणं सुरू झालं आणि भाऊजींच्या पुतण्याने, त्याला काहीच माहीत नव्हतं बिचाऱ्याला, जिलेबीची परात घेऊन येताना नेहमीसारखं विचारलं, "काय मामाजी, साबन आनला का नाई?"

ओळ हसली. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "साबणाचं काय आहे हे?"

भाऊजींनी घास तोंडात घातला. यापूर्वी हा प्रश्न आला की गोष्ट तेच सांगायचे, रंगवून, माझी नक्कल करून.

बाई सपरीच्या पायरीवर उभी होती. तिने काठी फरशीवर आपटली. "सांगा न," ती नवऱ्याला म्हणाली. "पाहुने इचारून राह्यले. दरसाल सांगता."

"जाऊ दे न. जेवू दे लोकायले."

"जेवतीन. तुम्ही सांगा. नाई तं मी सांगतो, पन मंग संगमाचंबी सांगन."

हळूहळू सगळी पंगत थांबली. भाचा वरणाचं भांडं घेऊन जागीच उभा. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटत असावं, मी म्हणेन, राहू द्या जी, जुनी गोष्ट आहे. इतकी वर्षं मी हसून त्यांना सोडवलं होतं. मी पत्रावळीवरची जिलेबी मोडली आणि त्यांच्याकडे बघत खात राहिलो.

"साबनानं काही झालं नव्हतं," ते पत्रावळीत बघत पुटपुटले. "टाका मी मारला होता."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. पलीकडच्या ओळीतून कोणीतरी विचारलं, "काय म्हणले?"

"भाऊजी," मी म्हणालो, "जोरात बोला. तिकडच्या ओळीले आयकू नाई आलं."